लष्करात भरती होताना : कामाची निवड

सैन्यात भरती होणे ही एक गोष्ट आहे आणि सैन्यात कोणते काम करावयाचे हे ठरविणे ही अगदी दुसरी गोष्ट आहे. आपल्या देशातील असंख्य तरुण पहिल्या गोष्टीसाठी वर्षानुवर्षे कष्ट घेतात. हरियाणातील कालव्यांच्या काठाने, गढवालातील डोंगरवाटांवर, बिहारमधील शाळांच्या मैदानांवर किंवा सातारा जिल्ह्यातील माळरानावर पहाटेच्या अंधारात धावणारी मुले पाहिली की या तयारीची कल्पना येते. दुसऱ्या गोष्टीचा विचार मात्र बहुधा अर्जातील एका रकान्यापाशी, दोन-चार मिनिटांत उरकला जातो. शेजारच्याने जे लिहिले तेच आपणही लिहावे, किंवा ज्या संवर्गात जागा अधिक तोच पत्करावा, अशी सर्वसाधारण रीत असते. वस्तुतः याच रकान्यावर पुढील आयुष्याचा मोठा भाग अवलंबून असतो. यास्तव या निवडीचे स्वरूप, तिच्या मर्यादा आणि तिचे परिणाम यांचा येथे क्रमाने विचार करू.

निवड कोणाची?

भारतात सक्तीची लष्करभरती नाही. आपले सैन्य सर्वस्वी स्वेच्छेने दाखल झालेल्या लोकांचे आहे. परंतु स्वेच्छेने दाखल झालेल्या माणसाला पुढील सर्व बाबी स्वेच्छेने ठरविता येतात असे नाही. उमेदवार निवडतो तो संवर्ग. उदाहरणार्थ, जनरल ड्यूटी, टेक्निकल, लिपिक व भांडारपाल, किंवा ट्रेड्समन. कोणती रेजिमेंट अथवा कोणते दल द्यावयाचे हे मात्र लष्कर ठरविते. ते ठरविताना गुणानुक्रम, रिक्त जागा आणि त्या त्या दलाची गरज लक्षात घेतली जाते. दल मिळाल्यानंतरही त्यातील नेमके काम, म्हणजे तारायंत्री व्हावयाचे की वाहनचालक, तोफेवर राहावयाचे की रडारवर, हे प्रशिक्षण केंद्रात उमेदवाराची पात्रता पाहून ठरते.

हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे पुष्कळ गैरसमज निर्माण होतात. ‘मी सिग्नल्समध्ये जाणार’ असे गावभर सांगून निघालेला मुलगा तोफखान्यात पोहोचला, तर त्याला आपली फसवणूक झाल्यासारखे वाटते. वास्तविक कोणीही त्याला फसविलेले नसते; जे आपल्या हाती नव्हते ते आहे असे तो मानून चालला होता. याच अज्ञानाचा लाभ दलाल घेतात. अमुक दल मिळवून देतो, अमुक काम मिळवून देतो, असे सांगून पैसे मागणारा मनुष्य जे विकतो ते देण्याचा अधिकार त्याला मुळीच नसतो. सैन्यातील निवड विनामूल्य असते, ही गोष्ट उमेदवाराइतकीच त्याच्या आईवडिलांनीही पक्की लक्षात ठेवावी.

शाखा आणि त्यांची कामे

भूदलाची रचना स्थूलमानाने दोन भागांत सांगता येईल. पहिल्या भागात प्रत्यक्ष लढणाऱ्या व लढाईला थेट साहाय्य करणाऱ्या शाखा येतात. पायदळ, चिलखती दल, यांत्रिक पायदळ, तोफखाना, हवाई संरक्षण तोफखाना, अभियंता दल व सिग्नल्स या त्यांतील प्रमुख होत. दुसऱ्या भागात सैन्याला अन्न, इंधन, शस्त्रसामग्री, दुरुस्ती आणि औषधोपचार पुरविणाऱ्या शाखा येतात. पुरवठा व वाहतूक पाहणारी आर्मी सर्व्हिस कोअर, शस्त्रभांडारे सांभाळणारी आर्मी ऑर्डनन्स कोअर, यंत्रांची दुरुस्ती करणारे विद्युत व यांत्रिक अभियंता दल, लष्करी वैद्यकीय सेवा आणि लष्करी पोलीस ही त्यांची काही उदाहरणे होत.

प्रत्येक शाखेचे स्वतःचे प्रशिक्षण केंद्र असते आणि रंगरूट प्रथम तेथेच जातो. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगाव येथे आहे, तर महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागर येथे. अभियंता दलाचे तीन गट असून त्यांची केंद्रे बंगळूर, रुडकी आणि पुण्याजवळील खडकी येथे आहेत. तोफखान्याचे रंगरूट नाशिक रोड व हैदराबाद येथे घडतात. चिलखती दलाचे केंद्र अहिल्यानगर येथे आहे. सिग्नल्सची केंद्रे जबलपूर व गोवा येथे, वैद्यकीय दलाचे लखनौ येथे, तर विद्युत व यांत्रिक अभियंता दलाची सिकंदराबाद व भोपाळ येथे आहेत. केरळातील मुलगा जबलपूरला आणि पंजाबातील मुलगा सिकंदराबादला शिकतो. घर सोडण्याची खरी सुरुवात येथूनच होते.

संवर्ग आणि पात्रता

जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. तेव्हापासून शिपायांची बहुतांश भरती ‘अग्निवीर’ या नावाने होते. तिचे मुख्य संवर्ग पुढीलप्रमाणे सांगता येतील.

जनरल ड्यूटी हा सर्वांत मोठा संवर्ग होय. त्यासाठी दहावीत एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ टक्के गुण आवश्यक मानले जातात. पायदळाचा शिपाई प्रामुख्याने यातूनच येतो. या कामाची खरी कसोटी पाय, फुफ्फुसे आणि सहनशीलता यांची आहे, हे उघड आहे.

टेक्निकल संवर्गासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित व इंग्रजी हे विषय घेऊन बारावी उत्तीर्ण व्हावे लागते; एकूण ५० टक्के व प्रत्येक विषयात ४० टक्के गुण लागतात. दहावीनंतर आयटीआय किंवा पदविका घेतलेल्यांनाही २०२३ पासून येथे वाव देण्यात आला आहे.

लिपिक व भांडारपाल या संवर्गासाठी बारावीत एकूण ६० टक्के व प्रत्येक विषयात ५० टक्के गुण अपेक्षित असतात. इंग्रजी व गणित अथवा हिशेबाचे विषय यांवर विशेष भर असतो आणि लिपिकांसाठी २०२४ पासून टंकलेखनाची चाचणीही घेतली जाते.

ट्रेड्समन हा संवर्ग स्वयंपाकी, शिंपी, परीट, न्हावी, सुतार, रंगारी इत्यादींचा होय. त्यांतील बहुतेक कामांसाठी दहावी, तर काहींसाठी आठवी उत्तीर्ण असणे पुरेसे असते.

याखेरीज काही थोडे संवर्ग अग्निपथ योजनेच्या बाहेर राहिले असून त्यांची भरती नियमित सेवेसाठी होते. परिचारक साहाय्यक हा त्यांपैकी एक. त्यासाठी बारावीला जीवशास्त्र असावे लागते. औषधनिर्माणशास्त्राची पदविका किंवा पदवी घेतलेल्यांना सिपाही फार्मा म्हणून प्रवेश मिळतो. ज्याने विज्ञानशाखेत जीवशास्त्र घेतले आहे, अशा विद्यार्थ्याला या वाटेची माहितीच नसते आणि तो हजारोंच्या गर्दीत जनरल ड्यूटीसाठी धावत राहतो. अपुऱ्या माहितीमुळे किती नुकसान होऊ शकते याचे हे बोलके उदाहरण होय.

स्त्रियांच्या बाबतीत भूदलाने शिपाई या पातळीवरील दार २०१९ मध्ये लष्करी पोलीस दलापुरते उघडले आणि पहिल्या ८३ स्त्री-शिपायांची तुकडी मे २०२१ मध्ये प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडली. नौदल व वायुदल यांनी अग्निपथ योजनेपासून स्त्रियांना प्रवेश दिला. ओडिशातील आयएनएस चिल्का येथून मार्च २०२३ मध्ये बाहेर पडलेल्या नौदलाच्या पहिल्या अग्निवीर तुकडीत २७३ स्त्रिया होत्या.

तांत्रिक काम म्हणजे सुरक्षित काम नव्हे

संवर्ग निवडताना अनेक कुटुंबे एका समजुतीने चालतात. जनरल ड्यूटी म्हणजे धोका आणि टेक्निकल, लिपिक अथवा ट्रेड्समन म्हणजे सुरक्षितता, अशी ती समजूत आहे. या समजुतीत तथ्यांश आहे. पायदळाचा शिपाई सर्वांत पुढे असतो हे नाकारता येत नाही. परंतु तीवर विसंबून निर्णय घेणे योग्य नव्हे. मुरलीकांत पेटकर हे मूळचे सांगली जिल्ह्यातील. विद्युत व यांत्रिक अभियंता दलात ते जवान होते, म्हणजे त्यांचे दल यंत्रे दुरुस्त करणारे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते जबर जखमी झाले. पुढे १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथील अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धेत त्यांनी ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळविले. त्यांचे कर्तृत्व असामान्य आहे. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, दुरुस्ती करणाऱ्या दलात असल्यामुळे गोळी त्यांना टाळून गेली नाही.

याच युद्धातील दुसरे उदाहरण ग्रेनेडियर्सच्या अब्दुल हमीद यांचे आहे. ते उत्तर प्रदेशातील गाझीपूर जिल्ह्याचे. रणगाडाविरोधी तोफ चालविण्यात ते निष्णात होते. तथापि युद्धाच्या वेळी ते कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार, म्हणजे कंपनीचा साठा व रसद सांभाळणारे अधिपुरुष होते. गरज निर्माण होताच त्यांच्याकडे पुन्हा तोफेचे काम आले. खेमकरण विभागात शत्रूच्या रणगाड्यांशी झुंजताना सप्टेंबर १९६५ मध्ये त्यांना वीरमरण आले आणि मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. सैन्यातील काम हे कागदावर कोणतेही असो, गणवेश चढविणारा प्रत्येक जण प्रथम सैनिक असतो. स्वयंपाक्यालाही रायफल चालवावयास शिकावे लागते, ते याच कारणाने. ज्याला हे मान्य नाही त्याने कोणताच संवर्ग निवडू नये, हे प्रामाणिकपणाचे होईल.

मग निवडीचा निकष कोणता असावा? धोका कमी कोठे, यापेक्षा ‘मी कोणते काम चांगले करू शकेन आणि ते काम मला काय शिकवील’ हा प्रश्न अधिक उपयुक्त आहे. तो का, हे पुढील हिशेबावरून स्पष्ट होईल.

चार वर्षांचा हिशेब

पूर्वी शिपाई भरती झाला की त्याच्यापुढे सामान्यतः १५ वर्षांहून अधिक सेवा आणि त्यानंतर निवृत्तिवेतन अशी सरळ वाट असे. बाना सिंग १९६९ मध्ये जम्मू-काश्मीर लाइट इन्फंट्रीत भरती झाले. १९८७ मध्ये सियाचिन येथील ज्या पराक्रमासाठी त्यांना परमवीरचक्र मिळाले, त्या वेळी ते नायब सुभेदार होते. शिपाई, लान्स नाईक, नाईक, हवालदार आणि नायब सुभेदार या शिडीच्या पायऱ्या चढण्यास त्यांच्यासारख्या शूर व कुशल सैनिकालाही सुमारे १८ वर्षे लागली. सैनिकी पेशात अनुभव हा असा संथपणे साठत असतो.

अग्निवीराची सेवा मात्र चार वर्षांची असते आणि प्रशिक्षणाचा काळही तीतच मोजला जातो. चार वर्षांच्या अखेरीस प्रत्येक तुकडीतील जास्तीत जास्त २५ टक्के लोकांना नियमित सेवेत घेण्याची तरतूद योजनेत करण्यात आली. त्यांना पुढे किमान १५ वर्षे सेवा करता येते. उरलेल्यांना निरोप दिला जातो. त्यांना निवृत्तिवेतन अथवा उपदान मिळत नाही. मुदतीपूर्वी स्वतःच्या इच्छेने बाहेर पडण्याची मुभाही सामान्यतः नसते.

योजनेतील वेतन पहिल्या वर्षी दरमहा ३०,०००, दुसऱ्या वर्षी ३३,०००, तिसऱ्या वर्षी ३६,५०० आणि चौथ्या वर्षी ४०,००० रुपये असे ठरविण्यात आले. त्यांपैकी ३० टक्के रक्कम कापून निधीत जमा होते. म्हणजे पहिल्या वर्षी हाती २१,००० रुपये येतात. ही कपात चार वर्षांत ५ लाख २ हजार २०० रुपये होते. सरकार तितकीच रक्कम घालते. त्यामुळे बाहेर पडताना सुमारे १० लाख ४ हजार रुपये व त्यांवरील व्याज हाती पडते. २०२२ मधील अंदाजानुसार ही एकूण रक्कम ११ लाख ७१ हजार रुपयांच्या घरात जाते आणि तीवर आयकर नाही. सेवाकाळात ४८ लाख रुपयांचा विमाही असतो व त्यासाठी अग्निवीराला हप्ता भरावा लागत नाही.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचले पाहिजेत. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाच्या हाती दहा लाखांहून अधिक रुपये एकरकमी येणे ही सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे. पण ती रक्कम निवृत्तिवेतन नव्हे. घराचे बांधकाम, बहिणीचे लग्न, एखादे वाहन यांत ती वर्षभरात संपू शकते. त्यानंतर त्या तरुणापाशी काय उरते? जे काम तो चार वर्षांत शिकला, तेच उरते.

म्हणूनच संवर्गाची निवड आज पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाची झाली आहे. पूर्वी चुकीच्या निवडीची झळ निवृत्तिवेतनामुळे काहीशी सौम्य होत असे. आता तशी सोय थोड्यांनाच लाभते. वाहनदुरुस्ती, विद्युतकाम, दळणवळणाची यंत्रे, भांडाराचा हिशेब यांतील अनुभव नागरी जीवनात सहज ओळखला जातो. पायदळातील शिपायाच्या अंगची शिस्त, सहनशक्ती व जबाबदारीची जाणीव कमी मोलाची नाही; पण तिला नागरी बाजारात नाव मिळवून द्यावे लागते. केंद्रीय सशस्त्र पोलीस दले व आसाम रायफल्स यांत माजी अग्निवीरांसाठी १० टक्के जागा राखण्याचे २०२२ मध्येच जाहीर झाले आणि नंतर या तरतुदींत वाढ होत गेली. जनरल ड्यूटीतून येणाऱ्यास ही वाट विशेष जवळची आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने अग्निवीरांसाठी आखलेल्या पदवी अभ्यासक्रमात निम्मे श्रेयांक सैनिकी प्रशिक्षणासाठी देण्याची सोय आहे. दहावीनंतर भरती झालेल्याने शिक्षणाचा धागा तुटू देऊ नये. चार वर्षांनंतर त्याच धाग्याला धरून पुढे जावयाचे असते.

अधिकारी होण्याची वाट

काही विद्यार्थी वस्तुतः अधिकारीपदास योग्य असतात. परंतु घरात किंवा गावात कोणी ती वाट दाखविणारे नसल्यामुळे ते शिपाई म्हणून रांगेत उभे राहतात. बारावीत शिकणाऱ्या अथवा बारावी उत्तीर्ण अशा अविवाहित तरुणास केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत प्रवेश मिळविता येतो. ही परीक्षा वर्षातून दोनदा होते. या प्रबोधिनीने २०२२ पासून मुलींनाही प्रवेश दिला असून त्यांची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. पदवीधरांसाठी संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा आहे. नियमित सेवेतील शिपायालाही डेहराडून येथील आर्मी कॅडेट कॉलेजमधून अधिकारी होता येते. म्हणून ज्याचे वय आणि गुण अनुकूल आहेत त्याने आधी या परीक्षा द्याव्यात आणि मगच खालच्या पातळीवरील अर्जाचा विचार करावा. दोन्ही तयारी एकाच वेळी करण्यास काहीच प्रत्यवाय नाही.

अर्ज करण्यापूर्वी

२०२३ पासून भूदलाच्या भरतीत प्रथम संगणकावरील सामाईक लेखी परीक्षा आणि नंतर मैदानावरील शारीरिक चाचणी असा क्रम ठेवण्यात आला. पूर्वी हा क्रम उलटा होता. त्यामुळे ज्याने केवळ धावण्याचाच सराव केला आहे त्याला आता मैदान गाठण्याचीही संधी मिळेल असे नाही. २०२५ च्या परीक्षेसाठी मराठीसह १३ भाषांची सोय करण्यात आली, तसेच एका उमेदवारास दोन संवर्गांसाठी अर्ज करता येऊ लागला. या दुसऱ्या सवलतीचा अर्थ नीट समजून घ्यावा. दुसरा संवर्ग म्हणजे सहज भरलेला रकाना नव्हे. पहिला न मिळाल्यास ज्यात चार वर्षे मन लावून राहता येईल असेच काम तेथे लिहावे. वयोमर्यादा व गुणांच्या अटी वेळोवेळी बदलतात. म्हणून अर्ज भरताना त्या वर्षाची अधिसूचना स्वतः वाचावी आणि शंका असल्यास भरती कार्यालयात किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावे.

अर्ज भरण्यापूर्वी उमेदवाराने स्वतःला काही प्रश्न विचारून त्यांची उत्तरे कागदावर लिहून काढावीत. माझे दहावी-बारावीचे विषय व गुण मला कोणकोणत्या संवर्गांसाठी पात्र ठरवितात? मला यंत्रांशी खेळण्यात आनंद वाटतो, हिशेबात वाटतो, की मोकळ्या मैदानात? माझी दृष्टी, कान, दात व पाय यांची तपासणी मी एखाद्या वैद्याकडून करून घेतली आहे काय? मला हवे ते दल न मिळता दुसरे मिळाले, तरी मी मनापासून काम करीन काय? आणि चार वर्षांनी मला नियमित सेवेत घेतले नाही, तर मी कोणत्या कामाच्या बळावर उभा राहीन?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देणे सर्वांत कठीण आहे. कारण भरतीच्या उत्साहात निरोपाचा विचार अशुभ वाटतो. परंतु तुकडीतील बहुतांश तरुणांवर ती वेळ येणार हे योजनेच्या नियमांतच लिहिलेले आहे. जो याचे उत्तर आधी शोधून ठेवतो, तो चार वर्षांतील प्रत्येक अभ्यासवर्गाकडे, प्रत्येक यंत्राकडे आणि प्रत्येक प्रमाणपत्राकडे वेगळ्या दृष्टीने पाहतो. असा सैनिक नियमित सेवेसाठी निवडला जाण्याचा संभवही अधिक असतो. आणि निवड झाली नाही, तरी तो रिकाम्या हातांनी घरी परतत नाही.